पाळणा अजून दरीवर आहे

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

दादा,

मे महिन्यात मी तुला जे पत्र पाठवलं, त्यात एक चूक आहे. मी लिहिलं होतं, "त्या रविवारी आप्पांनी टेबलावर टकटक केली नाही." ते चुकीचं आहे. आप्पांनी केली होती. आवाज आला नाही, एवढंच खरं.

एप्रिलमध्ये आप्पांना झटका आला तेव्हा तू दवाखान्याच्या जिन्यात मला थांबवून विचारलंस, "संयू, तू खोटं बोलत नाहीस. तू ऐकलंस का?" मी म्हणाले, लिहून कळवते. तू आप्पा शुद्धीवर यायच्या आत कोइमतूरला निघून गेलास आणि मी लिहून कळवलं. त्यानंतर तू घरी आलेला नाहीस. आईला फोन करतोस, माझा उचलत नाहीस. म्हणून हेही लिहूनच कळवते.

तुला सगळं माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून मांडते. मधूनच सुरुवात केली की माझ्याकडून काहीतरी सुटतं.

तू वारणानगरच्या हॉस्टेलवरून तो खेळ घरी आणलास तेव्हा आप्पा हसले होते. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं सोंग घेऊन काय करतो ते बोलायचं आणि जिथं होईल की नाही अशी शंका असेल तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा. "पोरांचा खेळ हाय," म्हणाले, आणि तिसऱ्या रविवारी गोष्ट सांगणाऱ्याच्या खुर्चीत तेच बसले होते. तुझा कारागीर, माझी वैदीण आणि शेजारच्या चमनचाचांचा तो जाडा शिलेदार, जो लढाईआधी जेवण मागायचा.

भांडण पहिल्यांदा झालं ते पुस्तकातल्या नियमावरून. पुस्तकात होतं, की हाताशी असेल त्यातून जुळवून बनवलेल्या वस्तूसाठी फासा टाकायचा. वाईट पडला की वस्तू मोडली. आप्पांना ते सहनच झालं नाही. तीस वर्षं फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या भागांचे नमुने, केलेला माणूस.

"असं कसं मोडंल? वस्तू आधी बोलती. लाकूड करकरतं, पट्टा वास मारतो, बोल्ट ढिला वाजतो. न बोलता कायबी मोडत न्हाय."

"आप्पा, खेळ आहे," तू म्हणालास.

"खेळ असला म्हणून लाकडानं आपला सोभाव सोडायचा व्हय?"

मग त्यांनी स्वतःचे नियम केले. जुळवून केलेल्या प्रत्येक वस्तूला एक भरवसा द्यायचा, वीसपैकी आकडा. वापरताना फासा त्या आकड्याच्या आत पडला तर वस्तू चालली. वर गेला तर ती मोडत नाही, बोलते. तेव्हा आप्पा बोटाच्या पेरांनी टेबलावर दोनदा वाजवायचे, जसं त्यांच्या कामाच्या शेडमध्ये पॅटर्नला चीर गेली का बघायला वाजवायचे तसं. वाजलं की खेळ थांबला. पुढं जायचं की मागं यायचं, हे फक्त ती वस्तू बनवणारा सांगणार. तो जवळ नसेल तर ज्याच्या हातात ती असेल तो. त्यातूनही पुढं गेलं आणि फासा पुन्हा वर पडला, तर मात्र मोडणार.

हा नियम आपल्याला इतका पाठ होता, की आई स्वयंपाकघरातून टकटक ऐकली की विचारायची, "आता काय मोडाय लागलंय?"

त्या रविवारी, जानेवारीत, गोष्टीत दरी ओलांडायची होती. तू उसाच्या जुन्या चरकाचं चाक, विहिरीचा दोर आणि ओल्या लाकडाचा पाळणा असं जुळवलं होतंस. आप्पांनी भरवसा अकरा दिला. चाचांचा शिलेदार पाळण्यात बसला, दोर माझ्या वैदिणीच्या हातात. तू फासा टाकलास. सोळा. आपण सगळे टकटकीची वाट बघत होतो. काही वाजलं नाही. तुला वाटलं, त्यांनी सवलत दिली. तू म्हणालास, "ओढ संयू," आणि पुन्हा फासा टाकलास. एकोणीस. आप्पा म्हणाले, "मोडला. चमन गेला खाली."

पुढचं लिहायला नको वाटतं. पण वगळलं तर अर्धवट होईल.

तू म्हणालास, "न बोलता मोडला?"

"मी वाजिवलं."

"कुणी ऐकलं? चाचा, तुम्ही? संयू?"

चाचांनी शेंगदाणा सोलायला घेतला, मी फाशाकडे बघत राहिले.

"मी वाजिवलं हुतं. तुला ऐकायचंच नसतं."

तेव्हा तू उठलास. त्याच आठवड्यात तू शेडमध्ये कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन स्वतः जुळवून बसवतो म्हणाला होतास आणि आप्पा नुसतंच "बघू" म्हणाले होते. तू म्हणालास, "मग सरळ सांगा की, माझ्या हातचं टिकत नाही. पाळणा कशाला मोडता?" आप्पांनी नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू कोइमतूरला निघून गेलास.

आता कालचं.

मी आप्पांच्या पलंगाला पाठ टेकायला एक फळी केली आहे. जुन्या खुर्चीची पाठ, बिजागरी आणि गाडीच्या सीटचा पट्टा. काल दुपारी आई बशीतून चहा पाजत होती, मी पायाशी होते. आप्पांची नजर पट्ट्याच्या बकलावर गेली. त्यांचा उजवा हात, जो व्यायामानं आता मनगटापुरता हलतो, चादरीवरून थोडा उचलला. मूठ अर्धी वळली, पेरं खाली गेली, आणि हात चादरीवर पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. ओला टॉवेल टाकावा तसा. आवाज अजिबात नाही.

मग बकल सुटलं. आईनं त्यांना धरलं, चहा सांडला, बाकी काही झालं नाही.

मी बकल परत लावायला वाकले. हा हात मी आधी पाहिला होता. जानेवारीत मी त्यांच्या उजवीकडे बसले होते. तू सोळा टाकलास तेव्हा तो हात असाच उचलला होता आणि असाच दोनदा टेबलक्लॉथवर पडला होता. मला वाटलं होतं, ते शेंगदाण्याची टरफलं बाजूला सारतायत. टेबलावर टरफलं होती. मी त्याचा विचारही केला नव्हता, कारण तू आवाजाबद्दल विचारलं होतंस आणि मी आवाजाबद्दल उत्तर दिलं.

चूक एवढीच होती. दुरुस्त करून घे.

संयू

मंगळवार पेठ
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

दादा,

तुझा फोन आला तेव्हा मी कामावर होते. तू काय म्हणालास ते आईनं सांगितलं. "संयू आता आप्पांची वकिली करायला लागलीय. तिला म्हणावं, मला बरं वाटावं म्हणून काही रचू नको."

मला राग आला नाही, आधी लाज वाटली. नंतर कळलं, की लाज वाटण्यासारखं मी यावेळी काही केलेलं नाही.

तरी तू असं का म्हणालास ते समजतं. मी लहानपणी सतत आजारी, शाळेत पाचवीलाच पहिल्यांदा गेले. तोवर आप्पांनीच शेडमध्ये शिकवलं, लाकडाच्या भुश्यात बसवून. माझी पहिली पट्टी पॅटर्नची होती. ओतलेलं बीड लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याच्या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब असतो. मी तीच पट्टी शाळेत नेली आणि माझ्या सगळ्या रेघा वर्गापेक्षा मोठ्या आल्या. बाई म्हणाल्या, पोरीला मोजता येत नाही. तू मधल्या सुट्टीत येऊन त्यांना समजावलंस, की ती बरोबर मोजते, पट्टीच वेगळी आहे. आता तुला वाटतं, की मी पुन्हा ती लांब पट्टी काढली.

म्हणून मी पडताळा घ्यायचं ठरवलं. आप्पांना बोलता येत नाही, पण डावा हात चांगला आहे. हो म्हणायचं असेल तर ते पलंगाच्या लाकडी कडेवर एकदा वाजवतात. रविवारी चमनचाचा आले होते, त्यांना साक्षीला बसवलं. मी विचारलं, "आप्पा, दादाचा पाळणा दरीवर होता तेव्हा तुम्ही वाजवलं होतं?"

त्यांनी वाजवलं. एकदा. हो.

चाचा उठून उभे राहिले. "झालं की! लिव पोराला. बापानं सांगितलंय म्हणावं."

पण मी शिरोलीच्या कारखान्यात माल तपासणीच्या टेबलावर काम करते. एका बाजूनं मोजून माल पास करत नाही. मी उलट करूनही विचारलं, "आप्पा, तेव्हा तुम्ही मुद्दामच वाजवलं नव्हतं का?"

त्यांनी वाजवलं. एकदा. हो.

"ह्ये कशाला इचारलंस?" चाचा माझ्यावर ओरडले. "व्हय म्हनला हुता न्हवं? गप ऱ्हायाला काय झालं हुतं तुला?"

"चाचा, मग ते पुरावा झालं नसतं."

"पुरावा! कोर्ट हाय व्हय ह्ये?"

तर दादा, दोन्ही प्रश्नांना हो आलं. म्हणून हा पुरावा धरू नकोस. ते किती समजून उत्तर देतात, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. माझ्याकडे फक्त डोळ्यांनी पाहिलेलं आहे, तेही दहा महिन्यांनी आठवलेलं.

रचायचंच असतं तर मी सोपं रचलं असतं. लिहिलं असतं, की तू गेल्यावर आप्पा रडले. ते रडले नाहीत. शेडवर गेले, दिवसभर रंधा मारत बसले आणि संध्याकाळी म्हणाले, "गेला तर जाऊ दे." हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. आता लिहिते. पाळण्याचा भरवसा त्यांनी अकरा दिला, कारण त्यांना खरंच वाटत होतं, की ओल्या लाकडात ठोकलेला बोल्ट धरणार नाही. तुझ्या मशीनबद्दलही त्यांना शंका होतीच. तुझ्या हातचं टिकतं असं त्यांनी तुझ्यामागं कधी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. चाचांनाही विचारलं. त्यांनीही नाही.

ही सगळी तुझ्या बाजूची माहिती आहे. मी ती लपवत नाही. पण शंका असणं आणि न वाजवता मोडणं हे वेगळं आहे. त्यांनी शंका घेतली. फसवलं नाही.

आणखी एक आहे. ते मी गेल्या पत्रात लिहू शकले नाही.

त्या रविवारी पाळणा बोलला की नाही यावरून आपण भांडत होतो. आप्पांचा हात टेबलक्लॉथवर पडला होता. त्यांना वाटलं, वाजला. तीस वर्षं ज्या पेरांनी लाकडाची चीर ओळखली, ती पेरं वाजत नव्हती आणि त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं. एप्रिलमध्ये उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी डॉक्टरांना हाताचं सांगितलं. ते म्हणाले, "असू शकतं, नसूही शकतं. आता मागं जाऊन सांगता येणार नाही." मी विचारलं, तेव्हाच आणलं असतं तर? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. चांगला माणूस आहे. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं.

टेबलाभोवती आपण तिघं होतो. तिघांनाही ऐकायला त्यांनीच शिकवलं होतं.

याचा दोष मी तुला देत नाही, स्वतःलाही देत नाही. तू फाशाकडे बघत होतास, मी दोर धरला होता. पण हे मला एकटीला माहीत असणं जड जातंय. आईला सांगितलेलं नाही. ती अजून म्हणते, "खेळ म्हनं खेळ. लाकडाच्या पाळण्यापायी माझी दोन मानसं दोन टोकांना गेली." तिच्यासाठी हे एवढंच राहू दे.

घास गिळताना आता त्यांना ठसका लागतो. पातळ करून देतो. तू विचारलं नाहीस, पण तुला कळायला हवं.

संयू

मंगळवार पेठ
शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५

दादा,

फोन आला नाही, पत्र आलं नाही. मला विश्वासाबद्दल आता काही म्हणायचं नाही. हे पत्र फक्त खेळाबद्दल आहे.

मंगळवारी आप्पांना पुन्हा दवाखान्यात नेलं होतं. ठसका छातीत उतरला. काल घरी आणलं, नाकातून नळी घातली आहे. डॉक्टर आईला म्हणाले, "घरीच ठेवा. ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलवून घ्या." आईनं ते तुला फोनवर सांगितलं का, मला माहीत नाही. ती म्हणते, सांगितलं. पण ती अशा गोष्टी गोल करून सांगते, म्हणून मी त्यांचेच शब्द लिहिले.

डावा हातही आता हळू झालाय. पलंगाच्या कडेवर वाजवलं तर जवळ बसलं तरच ऐकू येतं. काल संध्याकाळी मी शेडवर गेले. शटर अर्धंच वर गेलं, वाकून आत शिरले. तुझं अर्धवट जुळवलेलं मशीन तू सोडून गेलास तसंच कोपऱ्यात आहे, पण उघडं नाही. त्यावर ताडपत्री आहे. ताडपत्रीला चारी बाजूंनी दोरी आहे आणि गाठी आप्पांच्या आहेत, त्या मला ओळखू येतात. कधी बांधल्या माहीत नाही. बांधताना मनात काय होतं, तेही माहीत नाही. फक्त तिथं आहेत ते लिहिलं.

मी एक जुना सागवानी पॅटर्न उचलून आणला, पोकळ पोटाचा, पंपाच्या झाकणाचा. तो पलंगावर त्यांच्या डाव्या हाताखाली ठेवला. त्यांनी बोटांनी चाचपला, कड बघितली, गोलाई बघितली. मग वाजवला. हलकंच, पण स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं. आई दारात आली. नेहमीचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं आणि परत आत गेली.

तेव्हा मला नियमाचं पुढचं सुचलं.

वस्तू बोलली की खेळ थांबतो. आप्पांनी वाजवलं होतं, म्हणजे खेळ तिथंच थांबला. तुला ऐकू गेलं नाही, म्हणून तू पुढं जायचं असं ठरवलं नव्हतंस. तुला थांबायचं आहे हेच माहीत नव्हतं. मग दुसरा फासा धरता येत नाही. एकोणीस पडलाच नाही. पाळणा मोडलेला नाही, दादा. तो बोललाय, आणि दरीवर थांबलाय.

हे मी चाचांना सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला.

"म्हंजी मी जित्ता हाय?"

"हो चाचा."

"जानेवारीपास्नं त्या पाळण्यात लोंबकळतोय मी? न्हाय, सरळ सांग. मी आपला मेलो म्हणून निवांत हुतो. वर कसं, चिंता न्हाय, भूक न्हाय. तू परत दरीवर टांगलास मला."

"नियमानं तसंच आहे."

"तुज्या नियमाच्या…" ते थांबले, आप्पांकडे बघून. "बाळासो, ऐकलं का? तुजी पोरगी तुज्यापरीस वाईट निघाली."

आप्पांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला हसू आलं. ते हसूच होतं असं मी खात्रीनं सांगत नाही. चाचा म्हणाले, हसला. नंतर चाचा चप्पल घालायला बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी बघायला गेले तर पायरीवर बसले होते, एकच चप्पल घातलेली. मला म्हणाले, "बेटा, त्याला म्हणावं, मला पुढं ढकल न्हायतर मागं वढ. पण येऊन सांग. माजा पाय अवघडलाय." मग दुसरी चप्पल घालून गेले.

पुढं की मागं, हे वस्तू बनवणारा सांगतो. आप्पांनाही तो अधिकार नव्हता, त्यांनीच तो स्वतःकडे ठेवला नव्हता. पाळणा तुझा आहे. आप्पांनी शंका घेतली, पण निर्णय तुझ्याकडेच दिला होता. त्या दिवशी तो तुझ्यापर्यंत पोचला नाही, एवढंच झालं.

आप्पांना विचारून मी काही ठरवलेलं नाही, कारण विचारलं तर ते हो म्हणतील आणि त्या होचा अर्थ मला कळणार नाही. पण पाळण्याचं नाव काढलं की त्यांचा डावा हात त्या पॅटर्नवर जातो. मी चार वेळा वेगवेगळ्या बोलण्यात पाळणा आणून बघितलं. एकदा हात गेला नाही, तेव्हा ते झोपेत होते असं मला वाटतं.

मी टेबल त्यांच्या पलंगाशी लावणार आहे. टेबलक्लॉथ काढून टाकलाय. चाचा येतील, त्यांच्या शिलेदारासाठी जेवण मागतील. तुझी खुर्ची आप्पांच्या समोर ठेवीन, उजवीकडे नाही, म्हणजे तुला हात दिसेल. सोळा पडलेला फासा तसाच सोळा वर करून ठेवलाय. आप्पा वाजवतील. यावेळी ऐकू येईल. मग तू सांग.

तू आला नाहीस तर तेही नियमात आहे. बनवणारा जवळ नसेल तर जिच्या हातात वस्तू असेल तिनं ठरवायचं. दोर माझ्या हातात आहे. मी पुढं जाणार नाही. तुझ्या पाळण्यावर माझा भरवसा नाही म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या वस्तूवर एकोणीस पडायची जोखीम मला घेता येत नाही. मी चाचांना मागं ओढून घेईन, हळूहळू, आणि पाळणा तुझ्या काठावर बांधून ठेवीन. त्यानंतर आप्पांच्या हाताखालचा पॅटर्न काढून घेईन, म्हणजे त्यांना विसावा मिळेल.

तोवर ते राहावेत असं मी धरून चालले आहे. ते कशाच्या आधारावर, हे मला विचारू नकोस.

रविवार, १४ डिसेंबर.

संयू